सातासमुद्रापलीकडून जामखेडला

नगरहून जामखेडची एसटी धरली, की चिचोंडी पाटील मागं पडतं. मग कडा, आष्टी. म्हणजे गाडी बीड जिल्ह्यात शिरते आणि पुन्हा आपल्या जिल्ह्यात येते. थंडीचे दिवस होते. वाटेनं ज्वारीची रानं हुरड्याला आलेली. हा मुलूख तसा कोरडवाहू. याच तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म झाला. खर्ड्याचा किल्लाही इथलाच.

पुढच्या बाकावर एक परदेशी मुलगी बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी तिला खुणेनं विचारलं, "कुठं?"

"जामखेड," ती म्हणाली.

मावशी माझ्याकडं वळल्या. "आमच्या जामखेडात काय बघायला आली ही?"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारून घेतलं. म्हटलं, "मावशी, बघायला नाही, शिकायला आलीय. तीन महिने राहणार आहे. आरोळे डॉक्टरांच्या संस्थेत."

"तिकडं शाळा नाहीत व्हय?"

वाचकहो, मावशींचा प्रश्न रास्त होता. त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हांला सांगतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं वेल्लोरला शिकलं. नेवाशाजवळ वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काम केलं. तिथं एक गोष्ट ध्यानात आली. औषध घेऊन बरा झालेला रोगी पुन्हा तोच आजार घेऊन येतो, कारण रोगाचं मूळ गावात असतं. गढूळ पाण्यात, अर्धपोटी राहण्यात, शिवाशिवीत. पुढं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली जामखेडला काम सुरू केलं.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्स खेड्यांत पाठवून पाहिल्या. त्या रुळल्या नाहीत. मग गावांनाच आपापली एक बाई निवडायला सांगितलं. कित्येकजणींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकू लागल्या. रात्री साऱ्याजणींना पांघरायला एकच मोठी गोधडी. जात आपोआप बाजूला सरली. हातपंपही दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला तिथंच यावं लागे.

या बाया बाळाचं वजन करू लागल्या, गरोदर बाईला तपासू लागल्या, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखू लागल्या. १९७१ च्या सुमारास या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. वीस-पंचवीस वर्षांत तो आकडा तिसाच्याही खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली मुक्ताबाई पोळ ही गाव आरोग्य सेविका थेट वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलली. तिथली झुंबरं सुंदर, पण महाग. आम्ही पणत्यांसारख्या, एकीवरून दुसरी पेटते, असा तिच्या बोलण्याचा आशय होता.

मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. काम त्यांच्या मुलांनी पुढं नेलं. अमेरिका, ऑस्ट्रेलियाची पोरं शिकायला येतात, ती अशा बायांच्या हाताखाली. पुस्तकी विद्या असते त्यांच्याकडं. पण ओसरीवर बसून दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यावं, हे इथं शिकावं लागतं. आपल्या लेकीबाळींनाही उद्या परदेशात अशा कामाला जायचं असेल, तर पहिला धडा हाच.

मावशी ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "हगवणीला काय शिकवतात?"

मी सांगितलं, "एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोटघोट पाजत राहायचं, अंगावरचं दूध तोडायचं नाही. पोर मलूल झालं, की लगेच दवाखाना."

"एवढंच?"

"एवढंच."

मावशी खिडकीबाहेर बघत राहिल्या. "माझी दोन गेली हगवणीनं. पाणी द्यायचं नाही म्हणायचे तवा. वाढतं म्हणायचे."

मुलगी मला विचारू लागली, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं. तिनं मावशींचा हात धरला.

जामखेड आलं. उतरताना मावशींनी कनवटीची हुरड्याची पुडी सोडून तिच्या ओंजळीत ओतली.

"शिक बाई नीट," त्या म्हणाल्या. "आन् तुझ्या मुलखात जाऊन सांग."