पालकांस कळविण्यात येते की…

मराठी गद्याचा विचार करताना आपण निबंध, कथा, कादंबरी, वैचारिक लेखन, फार तर वृत्तपत्रीय लेखन यांपाशी थांबतो. ज्या घरांत यांपैकी काहीच पोहोचत नाही, तेथेही एक गद्यप्रकार मात्र वर्षानुवर्षे नियमाने पोहोचत आला आहे. तो म्हणजे शाळेने पालकांना पाठविलेली सूचना. आम्ही नवी मुंबईत राहतो, येथेच मराठी शिकवितो, आणि पालक या नात्याने अशा सूचनांचे वाचकही आहोत. घरी आलेल्या आणि विद्यार्थ्यांनी आणून दाखविलेल्या सूचना आम्ही काही वर्षे एका फाइलीत ठेवीत गेलो. ती फाइल सलग वाचताना जे जाणवले ते येथे मांडावेसे वाटते.

पहिली गोष्ट व्याकरणाची. ‘सर्व पालकांस कळविण्यात येते की’ या आरंभात कळविणारा कोण, याचा पत्ता नसतो. पुढची क्रियापदे ओळीने विध्यर्थी येतात: शुल्क भरावे, सभेस उपस्थित राहावे, नोंद घ्यावी. हे सारे कोणाला हवे आहे आणि कशासाठी, हे वाक्य सांगत नाही. मग शेवटची ओळ येते: ‘अन्यथा होणाऱ्या नुकसानीस शाळा जबाबदार राहणार नाही.’ संपूर्ण मजकुरात ‘शाळा’ हा शब्द कर्ता म्हणून अवतरतो तो नेमका येथे, जबाबदारी नाकारताना! आमच्या फाइलीतील बहुतेक सूचनांना हे लागू पडते. यामागे कोणाचा दुष्ट हेतू आहे असे मुळीच नाही. सूचना लिहिणारे मुख्याध्यापक किंवा लिपिक स्वतःही वरून आलेल्या अशाच परिपत्रकांचे वाचक असतात. भाषा वरून खाली झिरपते आणि झिरपताना तिचा स्वर बदलत नाही, एवढेच.

सूचनेचे भावंड म्हणजे शाळेची बातमी. शाळेत वृक्षारोपण होते ते ‘उत्साहात संपन्न’ होते, बक्षिसे ‘मान्यवरांच्या हस्ते’ दिली जातात आणि आभारप्रदर्शनाने ‘कार्यक्रमाची सांगता’ होते. दहावीच्या उपयोजित लेखनात बातमीलेखन आहे आणि हाच साचा मुले पाठ करतात. सूचनेत पालक आज्ञाधारक असतो, बातमीत तो प्रेक्षक असतो. ज्या मुलाने खड्डा खणला आणि ज्याचे रोप पुढच्या उन्हाळ्यात वाळले, ते मूल मात्र दोन्हींत सापडत नाही.

त्या मुलासाठी सूचनेत एक खास शब्द आहे: ‘पाल्य’. ‘आपल्या पाल्यास वेळेवर पाठवावे.’ कोणत्या घरात आई आपल्या मुलाला पाल्य म्हणते? शाळेच्या आणि शासनाच्या कागदाबाहेर हा शब्द फारसा जगतच नाही. इंग्रजी माध्यमाच्या सूचनेत ‘युअर वॉर्ड’ असते, त्याचेच हे मराठी रूप. कायद्याच्या भाषेत मातापिता आणि पालक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे मूलभूत कर्तव्य ठरविले, तेथेही मातापिता आणि पालक यांचा उल्लेख वेगवेगळा आहे. शाळेने मात्र दोघांना ‘पालक’ या एकाच शब्दात बसविले.

या शब्दाची बाजूही घेतली पाहिजे. नवी मुंबईत तो विलक्षण चपखल बसतो. सकाळी ठाणे-बेलापूर पट्ट्याकडे किंवा लोकलने मुंबईकडे निघून गेलेल्या आईबापांच्या जागी शाळेच्या फाटकाशी आजी उभी असते, कधी काका, कधी शेजारीण. जो पाळतो तो पालक. या अर्थी मराठी शब्द उदार आहे. अडचण अशी की शब्द आजीला सामावून घेतो आणि वाक्य तिला बाहेर ठेवते.

मराठी मुलखात शाळेने पालकांशी कसे बोलावे, याचे एकापेक्षा अधिक नमुने आहेत. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. तो हुकूमच होता. पण त्यात शासन स्वतः कर्ता होते. शाळा काढण्याची आणि खर्चाची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली होती. दुसरा नमुना गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या ‘शिक्षणपत्रिके’चा. ताराबाईंनी ती मराठीतही चालविली. पालकाला मुलाविषयी काही सांगायचे तर त्याच्याशी बोलावे लागते, ही समज त्या उपक्रमामागे होती. १९८७ पासून पुण्याहून निघणाऱ्या ‘पालकनीती’ मासिकाने हीच वाट पुढे नेली. तिसरा नमुना कायद्याचा. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने अनुदानित आणि शासकीय शाळांत व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिचे किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. म्हणजे कायद्याच्या लेखी पालक हा आता शाळा चालविणाऱ्यांपैकी एक आहे. या समितीच्या सभेची जी सूचना आमच्या फाइलीत आहे ती अशी: ‘सदस्य पालकांनी गुरुवार रोजी सकाळी ११ वाजता न चुकता उपस्थित राहावे.’ शाळा चालविणाऱ्याला कोणी असे बोलावते काय? आणि गुरुवारी अकरा वाजता जाणाऱ्या रोजंदारीचे काय?

हा प्रश्न या शहरात पुस्तकी नाही. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांची जमीन शहरासाठी घेण्याचे ठरले, आणि आराखड्यात सेक्टर, उद्याने, शाळांचे भूखंड आखले गेले. त्या गावांतील आगरी-कोळी घरे आजही सेक्टरांना खेटून आहेत. पुढे मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आले आणि त्यांच्या मागोमाग सातारा, सांगली, पुणे भागांतील माथाडी कुटुंबे कोपरखैरणे, घणसोली परिसरात स्थिरावली. आराखड्याने शाळेला भूखंड दिला. त्या शाळेतून निघणारा कागद कोण वाचणार, हे ठरविणे आराखड्याच्या हाती नव्हते.

तो कागद मुलेच वाचीत होती. आमचा एक माजी विद्यार्थी अशाच माथाडी घरातला. आईला अक्षरओळख बेताची, वडील पहाटे बाजारात. चौथीत असताना ‘अभ्यासात लक्ष नाही, पालकांनी भेटावे’ ही चिठ्ठी त्याने आईला ‘शनिवारी सुट्टी आहे’ अशी वाचून दाखविली होती. हे सांगताना तो हसत होता, वर्गही हसला. मग त्याने दुसरी हकिगत सांगितली तेव्हा कोणी हसले नाही. सातवीत शुल्कसवलतीची सूचना आली होती. ती त्याने अक्षरशः जशीच्या तशी वाचली: ‘विहित नमुन्यातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याने निर्गमित केलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यासह मुदतीत सादर करावा.’ आईने विचारले, म्हणजे काय करायचे? त्याला सांगता आले नाही. तो वर्गात मराठीत पहिला होता. दोघांनी कागद देवापाशी ठेवला, वडिलांना विचारू म्हणून, आणि मुदत गेली. त्या वर्षीची फी आईने कर्ज काढून भरली. ‘तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणा’ एवढे लिहिले असते तर मला कळले असते, असे तो म्हणाला.

या हकिगतीने आमचा एक समज पुसला गेला. सूचना न पोहोचण्याचे कारण निरक्षरता, असे आपण सहज म्हणतो. येथे वाचणारा साक्षर होता, मराठी होता, हुशार होता. निरक्षर ठरले ते वाक्य. त्याला आपला वाचक ठाऊक नव्हता.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सूचना फोनवर आल्या. त्यानंतर शाळा उघडल्या तरी सूचना फोनवरच राहिल्या. मूल आता निरोप्या उरलेले नाही. सुट्टीचा, फीचा, गृहपाठाचा संदेश रात्री साडेदहालाही येतो, त्याखाली अंगठ्यांची रांग लागते, आणि अंगठा उठविणाऱ्याला मजकूर कळला की नाही हे कोणाला समजत नाही. पूर्वी सहीऐवजी उमटणाऱ्या अंगठ्याची लाज वाटे. आताचा अंगठा सुशिक्षित दिसतो, एवढाच फरक! शिवाय मराठी घरांतील कितीतरी मुले इंग्रजी शाळांत असल्याने तो मजकूर आजीपर्यंत पोहोचण्याआधी एक भाषा ओलांडावी लागते.

तरीही या फोनवरच आम्हाला एक चांगला नमुना सापडला. आमच्या परिचयाच्या एक प्राथमिक शिक्षिका सूचना लिहून तर पाठवितातच, शिवाय स्वतःच्या आवाजात पाऊण मिनिटाचा निरोपही धाडतात. ‘उद्या मुलांची वजन-उंची घ्यायची आहे. डबा नेहमीसारखा द्या. कोणाला औषध चालू असेल तर मला आजच सांगा. काही कळलं नाही तर शाळा सुटल्यावर फोन करा.’ त्यांची लेखी सूचना आणि हा निरोप आम्ही वर्गात शेजारी शेजारी ठेवले. लेखी मजकुरात ‘द्यावा’, ‘कळवावे’ होते. बोलताना ते ‘द्या’, ‘सांगा’ झाले. ‘पाल्य’ गेले, ‘मुलं’ आली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘मला’ हा शब्द आला. सांगणारी बाई वाक्यात हजर झाली, म्हणून ऐकणारी आजी तिला उलट प्रश्न विचारू शकली. शिक्षिकाबाई सांगतात की, आवाज धाडू लागल्यापासून आज्यांचे फोन वाढले आहेत. त्यांना त्याचा त्रास होतो, आणि तो त्या हौसेने सोसतात.

प्रमाणभाषा सोडा, असे आमचे म्हणणे नाही. ‘उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आणा’ हे शुद्ध प्रमाण मराठीच आहे. म्हणणे इतकेच की कोण सांगतो, कोणाला आणि का, हे वाक्यात दिसावे. आम्ही वर्गात संहितेतील निवेदक आणि गृहीत वाचक यांवर तासन्‌तास बोलतो. गेल्या दोन वर्षांपासून त्या तासाला कादंबरीबरोबर एक शालेय सूचनाही घेतो. गृहीत वाचक ही संकल्पना विद्यार्थ्यांना तेथे लवकर उमगते. नंतर त्यांनी ती सूचना नव्याने लिहायची आणि घरातील अशा माणसाला वाचून दाखवायची, जो शाळेत फार शिकलेला नाही. गुण आम्ही देत नाही. ऐकणाऱ्याने कागद हाती घेऊन ‘बरं, मग उद्या जाते’ असे म्हटले की उत्तर बरोबर.