सावलीत वाळवलेलं

प्रयोगशाळेच्या वहीत मी एकदा खोटं लिहिलं. त्या खोट्याचं माझ्या सरांनी जे केलं, त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे.

मी मोखाड्याजवळच्या एका पाड्यावरचा. आमच्याकडे बोहाडा नावाचा मुखवटे घालून नाचायचा उत्सव असतो; आजा त्याचे मुखवटे करायचा. रद्दी भिजवून, कुटून, खळ घालून केलेला लगदा तो साच्यावर थापायचा आणि सावलीत ठेवायचा. एका वर्षी बोहाडा तोंडावर आला म्हणून मी एक मुखवटा गुपचूप उन्हात नेला. संध्याकाळी तो वरून खडखडीत होता, पण कपाळावर चीर गेली होती आणि आत बोटाला ओल लागत होती. आजा रागावला नाही. "वरचं आधी आवळलं, आतल्याला सवडच मिळाली नाही," एवढंच म्हणाला. मला त्यातलं काही कळलं नाही.

जव्हारला बारावी करून मी मुंबईत पॉलिमर शिकायला गेलो. माझ्याकडे काम आलं ते एपॉक्सी रेझिनचं. ते कडक असतं, पण ठिसूळ; म्हणून त्यात थोडं द्रव रबर मिसळतात. सुरुवातीला रबर पूर्ण विरघळलेलं असतं. हार्डनरमुळे रेझिनचे रेणू जोडले जाऊन मोठे होतात, तसं रबर त्यात मावेनासं होतं. मिश्रण दुधाळ होतं आणि रबराचे मायक्रॉनभर आकाराचे कण वेगळे पडतात. पुढे हेच कण तड्याचा जोर खातात. पण एकदा रेझिनचं जेल झालं, की सगळं जिथल्या तिथे थिजतं.

सरांनी क्युरिंगसाठी, म्हणजे रेझिन कडक करण्यासाठी, ८० अंश सांगितले होते. मला बोहाड्याला घरी जायचं होतं. मी ओव्हन १५० वर लावला आणि वहीत ८० लिहिले. तापमान म्हणजे नुसता वेग, अशी माझी समजूत होती.

परत आलो तेव्हा सरांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे दोन फोटो शेजारी ठेवले. ८० अंशांवर केलेल्या जुन्या नमुन्याच्या तुटलेल्या पृष्ठभागावर रबराच्या कणांचे गोल खळगे दिसत होते. माझा जवळजवळ सपाट होता. "हा ८० अंशांचा नाही," ते म्हणाले. मी मान खाली घालून कबूल केलं.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. उष्णतेने मिश्रण पातळ होतं, कणांना एकत्र यायला सोपं जातं. पण आमच्या मिश्रणात उष्णतेने रबर जास्त विरघळतंही, आणि जेल लवकर येतं. माझ्या नमुन्यात जेलच आधी आलं. बरंचसं रबर रेझिनमध्येच अडकलं. त्यांनी मला सुल्तान आणि मॅकगॅरी यांचा कणांच्या आकारावरचा १९७३ चा शोधनिबंध वाचायला दिला. म्हणाले, "आता ८० पासून १५० पर्यंत सगळी तापमानं कर." तोच माझ्या प्रबंधाचा विषय झाला.

लगद्यातलं पाणी उडणं आणि रेझिनचे रेणू जोडले जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी आजाची 'सवड' मला त्या दिवशी कळली.

आजाने तो चिरलेला मुखवटा टाकला नव्हता. आतून कागदाचे थर लावून त्याच वर्षी नाचवायला दिला. सरांनीही माझं वहीचं पान फाडलं नाही. खोट्या आकड्याखाली खरा आकडा माझ्याच हाताने लिहून घेतला. ती वही अजून माझ्याजवळ आहे.