प्रश्न ऐकणाऱ्याचा, उत्तर गावाचं

आमच्या सामुदायिक रेडिओचा ट्रान्समीटर जेमतेम शंभर वॅटचा. आवाज पोहोचतो दहा-पंधरा किलोमीटर. टेकडी ओलांडली की नुसती खरखर. २००६ साली केंद्र सरकारने स्वयंसेवी संस्थांना असं केंद्र चालवायची परवानगी दिली आणि म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखी केंद्रं आपल्या दुष्काळी पट्ट्यात उभी राहिली. आम्हाला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, पाणी, वीज, रस्ते आणि आरोग्य यांच्या सूचना मात्र देता येतात, आणि खेड्यातल्या माणसाचा दिवस बहुतेक त्यांच्यावरच चालतो.

आठवड्यातून एका संध्याकाळी मी आरोग्याचा थेट कार्यक्रम करते. ग्रामीण रुग्णालयातले एक डॉक्टर शेजारी बसतात, पहिली पाच-दहा मिनिटं बोलतात आणि मग फोन सुरू होतात. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. माहिती नुसती बरोबर असून भागत नाही, ती ऐकणाऱ्याच्या घरात बसावी लागते. ती कुठे बसत नाही, हे फोन करणाराच सांगू शकतो.

पावसाळा लागला की सापांचे फोन वाढतात. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. आपल्याकडे जीव घेणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यांतली मण्यार फार फसवी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं अनेकदा कळतही नाही. दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरच्यांना वाटतं, रात्रीचं खाणं बाधलं. तोवर श्वास मंदावू लागलेला असतो.

डॉक्टर हे सगळं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “खाली झोपू नका, खाटेवर झोपा.” एकदा त्यावर एका बाईंचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, “ताई, आमच्यात खाट एकच हाय. तिच्यावर सासूबाई झोपत्यात. आम्ही पाच जणं खालीच. मग आम्ही काय करायचं?”

डॉक्टर क्षणभर थांबले. मग त्यांनी टेबलावरचा नॅपकिन फायलीवर पसरला आणि त्याच्या कडा बोटांनी फायलीखाली सारत बोलायला लागले. “मच्छरदाणी आहे का घरात? ती नुसती वरून सोडू नका. अंथरुणाच्या चारही बाजूंनी खाली खोचा, अगदी दाबून. कुठेही फट ठेवू नका. पायथ्याकडची बाजू पुन्हा एकदा बघा. उशाला टॉर्च ठेवा आणि रात्री उठलात तर आधी उजेड, मग पाय.” ते हात रेडिओवर कुणाला दिसणार नव्हते. पण त्या हातांमुळे बोलणं नेमकं झालं, एकही पायरी सुटली नाही. तेव्हापासून आम्ही ‘खाटेवर झोपा’ इथे थांबत नाही. खाट नसेल तर काय, हे त्याच दमात सांगतो.

दुसरा नेहमीचा फोन देवऋषीकडे न्यावं का, याचा. एक आजोबा ठासून म्हणाले, “आमच्या देवळात नेलेली कितीतरी माणसं चालत घरी आल्यात.” डॉक्टरांनी त्यांना खोटं पाडलं नाही. धामण, दिवड, कवड्या हे साप बिनविषारी, त्यांच्या दंशाने माणूस मरत नाही. विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात सोडतोच असं नाही. म्हणून माणसं चालत घरी येतात, हे त्यांनी समजावलं. पण चावलेला साप कुठला, विष किती गेलं, हे देवळाच्या पायरीवर ठरवता येत नाही. मग म्हणाले, “आजोबा, अंगारा लावायचा असेल तर गाडीत लावा. त्याच्यासाठी गाडी थांबवू नका.” हे वाक्य नंतर गावागावांत फिरलं. आशाताई आजही तेच सांगतात. कुणाच्या श्रद्धेला हात न लावता वेळ वाचवणारं वाक्य मिळायला तो फोन यावाच लागला.

बाकीचं आम्ही पुन:पुन्हा सांगतो. दोरी आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने ओढू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी आणि बांगड्या लगेच काढा. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. प्रतिविषाची लस या चारही सापांवर एकच आहे. १०८ ला फोन करा, आणि गाडी लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.

निघायचं, पण कुठे? हा प्रश्न एका तरुणाने विचारला. साप चावलेल्या भावाला घेऊन तो रात्री जवळच्या आरोग्य केंद्रात गेला होता. तिथे पुरेशी लस नव्हती म्हणून पुढे पाठवलं आणि त्यात बराच वेळ गेला. भाऊ वाचला, पण फोनवर त्या तरुणाचा आवाज अजून कापत होता. आम्ही केंद्राचं नाव न घेता तो प्रश्न तसाच प्रसारित केला आणि पुढच्या आठवड्यात एका वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी सरळ सांगितलं की पहिल्याच डोसला आठ-दहा बाटल्या लागतात, दोन-तीन बाटल्या शिल्लक असून उपयोग नसतो, आणि काही रुग्णांना कृत्रिम श्वासाचीही गरज पडते. त्यानंतर पावसाळाभर आम्ही प्रत्येक केंद्राला फोन करून साठा विचारतो आणि कार्यक्रमात सांगतो: आज अमुक ठिकाणी लस आहे, रात्री डॉक्टर आहेत, ओढ्याला पाणी असेल तर वरच्या पुलाने या. मुंबई-पुण्याच्या स्टेशनला हे सांगता येणार नाही. आमची हद्द लहान आहे म्हणून आम्हाला येतं.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की रस्त्यांचे फोन येतात. पहाटे दूध घालायला निघालेली पोरं अंधारात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर आदळतात. टायर फुटला की चाकामागे दगड लावून ट्रॉली तशीच सोडतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. यावर एका ट्रॅक्टरचालकाचाच फोन आला: “ताई, मालक देत न्हाई, मी कुठनं आणू?” दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराने लाल पट्टीची रिळं केंद्रावर आणून दिली आणि कॉलेजच्या मुलांनी वजनकाट्यावर उभ्या ट्रॉल्यांना ती चिकटवली. शिव्या घालून हे झालं नसतं. चालकाची अडचण चारचौघांनी ऐकली म्हणून झालं.

आणि काही प्रश्न फोनवर येतच नाहीत. बायका ते व्हॉइस मेसेजमध्ये पाठवतात, नाव न सांगता, कुजबुजत. अंगावरून जातंय, पाळी थांबत नाही, गर्भपिशवी काढून टाका म्हणतायत, काढू का? ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये विनाकारण केलेल्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली, इतका हा प्रश्न मोठा आहे. आम्ही तो प्रश्न माझ्या आवाजात वाचतो आणि स्त्रीरोगतज्ज्ञ बाई उत्तर देतात: आधी सोनोग्राफी, आधी औषधं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, आणि घाई नको. त्या वेळी घरातला पुरुषही तिथेच चहा पीत बसलेला असतो. त्याच्याही कानावर ते पडतं, आणि ते पडायलाच हवं.

मोबाइलवर आरोग्याची माहिती ढिगाने येते. ती कुणी सांगितली, ती आपल्या वस्तीवर चालेल का, हे विचारायची सोय तिथे फारशी नसते. आमच्याकडे आहे. म्हणून ज्यांच्या भागात सामुदायिक रेडिओ आहे, त्यांनी नुसता ऐकू नये. फोन करावा, अडवून विचारावं. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी आज जेवताना घरात एवढंच विचारावं: रात्री दोन वाजता साप चावला तर गाडी कुणाची आणि जायचं कुठे? उत्तर मिळालं नाही, तर उद्या सकाळी आरोग्य केंद्रात जाऊन ते घेऊन या आणि शेजाऱ्यांनाही सांगा.