खासगीचा पैसा

माझ्या अहिल्याबाईंना कुणी हरवूच शकत नव्हतं. मला त्या तशाच हव्या होत्या.

‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळाची सहावी आवृत्ती २०१६ मध्ये आली. षटकोनी घरांच्या नकाशावर शहरं वसवायची, शेतं आणि खाणी काढायच्या, शेजाऱ्यांशी करार करायचे नाहीतर लढायचं, असा तो खेळ. प्रत्येक राज्याचा शासक इतिहासातला, आणि त्याला एखादी खास ताकद. भारताकडून आधी गांधीजी होते, २०१८ मध्ये चंद्रगुप्त मौर्य आला. मराठी मुलखातलं कुणीच नव्हतं. ही भर चाहते स्वतः घालतात. आपल्या मनातला शासक, त्याचं चित्र, त्याचे नियम लिहून खेळाला जोडायचे. याला ‘मॉड’ म्हणतात.

माझं आजोळ जामखेडचं. अहिल्याबाईंचं चौंडी त्याच तालुक्यात. मामाच्या घरी देवघराशेजारी त्यांची तसबीर आहे, पांढरी साडी आणि हातात पिंड. मी चित्र तसंच काढलं. नियमही त्या तसबिरीवरूनच लिहिले. खेळात ‘फेथ’ नावाचं एक चलन असतं. मंदिरांतून, तीर्थक्षेत्रांतून साठणारी श्रद्धा, जी सोन्यासारखी खर्चता येते. अहिल्याबाईंना मी ते दुप्पट दिलं. वास्तू निम्म्या वेळात उभ्या राहतील अशी सोय केली. फेथ मोजून सैन्यही उभं करता येईल, असं ठेवलं. मित्रांनी खेळून पाहिलं आणि सांगितलं की बॅलन्स पार बिघडलाय, पन्नास टर्नमध्ये डाव संपतो. मी एकही आकडा कमी केला नाही.

हे भीतीपोटी केलं असं म्हणणं सोपं आहे. थोर माणसांच्या बाबतीत आपल्याकडे लोक किती हळवे असतात, हे मला ठाऊक होतं. पण खरं कारण ते नव्हतं. ज्यांना घरात हात जोडतो, त्यांना उणे आकडा लावणं हा अवमान आहे, असं मी मनापासून मानत होतो. मोठेपणा म्हणजे अधिकच्या चिन्हांची रास, एवढीच माझी समज होती.

दिवाळीत ते सगळं मामाला लॅपटॉपवर दाखवलं. मामानं उभी हयात विकास सोसायटीचे हिशेब लिहिण्यात घालवली. त्यानं काशीतला घाट टर्नागणिक चढताना पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, “बांधलं ते ठीक रे, पण पैसा कोणत्या खात्यातनं घातला?”

मला सांगता येईना. पुढचे काही महिने मी खेळ बाजूला ठेवून नुसतं वाचत होतो.

होळकरांच्या राज्यात खाती दोन होती, ‘दौलत’ आणि ‘खासगी’. दौलत राज्याची, फौजेची. खासगीचा उगम १७३४ मधला. अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव यांच्या पत्नी गौतमाबाईंना पेशव्यांकडून स्वतंत्र जहागीर मिळाली, तिचं उत्पन्न त्यांचं स्वतःचं. तीच पुढे अहिल्याबाईंकडे आली, आणि गावोगावच्या त्यांच्या दानधर्माला आधार होता तो या खासगीचा. राघोबादादांनी पैसा मागितला तेव्हा अहिल्याबाईंनी खासगीच्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवल्याचं कळवलं, दान म्हणून घ्यायचं असेल तर संकल्प सोडून देते असं सांगितलं, ही आख्यायिका लहानपणी ऐकली होती. तेव्हा ती बाणेदार उत्तराची गोष्ट वाटायची. आता तिच्यात मला हिशेब दिसला.

आणि मी ज्या बाईंच्या हाती फक्त पिंड दिली होती, त्यांना मल्हाररावांनी १७६५ मध्ये पत्र लिहून तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जायला सांगितलं होतं, दारूगोळ्याची तजवीज करायला सांगितलं होतं. कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. मग १७९५ पर्यंत अठ्ठावीस वर्षं महेश्वरला नर्मदाकाठी बसून त्यांनी राज्य चालवलं. फौज तुकोजी होळकरांच्या हाताखाली, ती दूरदूरच्या मोहिमांवर, आणि तिच्या खर्चावरून दोघांत सतत ओढाताण. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्यानं अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर दोन-तीन दशकांनी माळव्यातल्या लोकांकडून माहिती गोळा केली. त्यात रोज दरबारात बसून कामं निकाली काढणाऱ्या बाई दिसतात. या सगळ्या अडचणी मी खेळातून काढून टाकल्या होत्या, म्हणजे त्यांनी जे निभावलं तेच काढून टाकलं होतं. अवमान झाला असेल तर तो तिथे झाला.

दुसरी आवृत्ती पूर्ण व्हायला दीड वर्ष गेलं. फेथलाच मी खासगी केलं, आणि तिच्यातून एकही सैनिक घेता येणार नाही असा नियम घातला. सोनं म्हणजे दौलत. दौलतीतून देऊळ नाही. दोन खात्यांमध्ये अदलाबदल करायची सोय कुठेच नाही.

खरी अडचण पुढेच होती. या खेळात वास्तू आपल्याच हद्दीत बांधायची असते, आणि अहिल्याबाईंचं बांधकाम तर हद्दीबाहेर पसरलेलं. काशी विश्वनाथाचं मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास उभारलं तेव्हा काशी ईस्ट इंडिया कंपनीच्या अखत्यारीत होती. गया, सोमनाथ, रामेश्वर, यांतलं काहीच होळकरांचं नव्हतं. वाट सापडली ती पोर्तुगालमध्ये. २०२१ मध्ये खेळात आलेल्या पोर्तुगीजांना ‘फेतोरिया’ बांधता येते, परक्या किनाऱ्यावरची व्यापारी वखार. त्या धर्तीवर मी घाट लिहिला. शेजाऱ्यानं सरहद्द खुली केली तरच तो बांधता येतो, उत्पन्न सगळं त्या शेजाऱ्याला, होळकरांच्या पदरात सोन्याचं एक नाणंही नाही. शेजारी उलटला तर घाट तिथेच राहतो. मित्र म्हणाले, असा घाट कोण बांधेल? पण बांधतात. खेळणाऱ्यांपैकी काही जण फक्त घाटच बांधत बसतात, असं मला कळलंय.

चित्रही बदललं. पिंड ठेवली, पण शेजारी पाटावर. हातात कागद आहे.

मालेरावांबद्दल एकही नियम लिहिलेला नाही. मुलाच्या मरणाला आकडा लावायचा नाही, हे माझं मत पहिल्या आवृत्तीपासून आजवर तसंच आहे.

गेल्या दिवाळीत मामाच्या हाती माऊस दिला. उत्तरेकडे फौज अडकली होती, दौलतीत खडखडाट, खासगी काठोकाठ भरलेली. सैनिक घ्यायचं बटण मामानं दाबून पाहिलं. ते फिकं पडलेलं होतं. त्यानं पुन्हा दाबलं.

“बरोबर आहे,” मामा म्हणाला, आणि फौज माघारी घेऊ लागला.