उभ्याने खाल्लेली भाकर

बीड जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामातील तरुणांसह वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेस जाण्याचा योग आला. परतण्यापूर्वी एक दिवस हाती होता. एका स्नेह्याने सुचविले, "फादर, मुंबईचा इतिहास रस्त्यावरच्या गाड्यांवर पाहा." खाद्यपदार्थ चाखवीत शहर दाखविणारा एक वाटाड्याही त्यांनी गाठून दिला.

दादरच्या पोर्तुगीज चर्चपासून आम्ही निघालो. १५९६ मध्ये फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी येथे पहिले चर्च बांधले. वाटाड्या सांगू लागला : १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ही बेटे पोर्तुगिजांस दिली, १६६१ च्या विवाहकरारान्वये ती इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीकडे गेली. राज्ये गेली, पाव मात्र राहिला. 'पाव' आणि 'बटाटा' हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांचेच. मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली.

'पाव' हा शब्द ऐकताच आमच्यातील एका मुलाने मान खाली घातली. शाळेत त्याला चिडवीत, "तुम्ही पावासाठी बाटलेले." विहिरीत पाव टाकून गावे बाटविल्याच्या कथा आम्हीही लहानपणापासून ऐकल्या आहेत. त्यांना द्यावयाचे उत्तर आम्हांस कधी सुचले नव्हते.

दादर स्थानकाबाहेर आम्ही एका गाडीपाशी थांबलो. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी याच परिसरात वडापाव सुरू केला, असे सांगतात. पाळी गाठण्याच्या घाईत गिरणी कामगारांना तो सोयीचा पडे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढे गिरण्या एकामागून एक मिटल्या. तेव्हा कित्येकांनी वडापावची गाडी टाकूनच घरची चूल पेटती ठेवली.

गाडीभोवती हमाल, कारकून, विद्यार्थी खांद्याला खांदा लावून खात होते. कोणी कोणाची जात विचारीत नव्हते. आमचा मुलगा क्षणभर पाहत राहिला, आणि घास घेत म्हणाला, "फादर, हितं तर सगळेच बाटले की!"

आम्ही सारे हसलो. पण मनात विचार सुरू झाला. भाकरीला चूल लागते आणि चुलीला घर. घरापासून दूर राबणाऱ्याला पाव उभ्याउभ्या खाता येतो. या मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा उलटला की आमच्या चर्चमधील निम्मी बाके रिकामी होतात. इस्राएल लोकांनीही वल्हांडणाची भाकर कमरा कसून, पायांत वहाणा घालून, घाईने खाल्ली होती. आणि त्याच सणाच्या भोजनात प्रभूने स्वतःला भाकरीच्या रूपाने दिले. ज्या अन्नावरून आम्हांस हिणविले गेले, ते वाटसरूंचे अन्न होते. त्यात लाज कसली?

रात्री बसमध्ये त्या मुलाच्या मांडीवर कागदात बांधलेली पावाची लादी होती. आम्ही विचारले, "कोणासाठी रे?"

"आईसाठी," तो म्हणाला. या वेळी त्याची मान वर होती.