गाडी तापेपर्यंत

चंद्रपूरचें नांव काढलें कीं परगांवच्या माणसाला आमचा उन्हाळाच आठवतो. जेथें मे महिन्यांत पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, तेथें मोटारीचें एंजिन थंडीनें कुरकुरतें असें सांगितलें तर तो आपल्याला थट्टेखोर समजेल. पण पौषांतली एखादी पहांट त्यानें आमच्या रानांत काढलेली नसते. सागाच्या पानांवरून दंव टपटपत असतें, पारा आठदहा अंशांपर्यंत उतरलेला असतो, आणि रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी पहिल्या हांकेला ओ देत नाहीं.

ही ओळख मला १९८९ च्या हिवाळ्यांत झाली. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खेड्यांत मी तेव्हां शिक्षक होतों. रात्रीं एस. टी. मुक्कामाला येई. ड्रायव्हर ती नेहमीं उतारावर उभी करी. बॅटरीनें दगा दिलाच तर गाडी घरंगळूं देऊन गिअर टाकतां यावा, हा त्यांतला हेतु. पहांटे एंजिन सुरू झालें कीं मागून पांढराशुभ्र धूर निघे. डिझेलच्या एंजिनांत ठिणगी नसते. दाबली गेलेली हवाच इतकी तापते कीं तेल तिच्यांत आपोआप पेटतें. पण गारठलेला सिलिंडर ती उष्णता शोषून घेतो, आणि न जळलेलें तेल धुक्यासारखें बाहेर पडतें.

एके रात्रीं आई चंद्रपुरास अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. पहांटे पांचला मी गाडींत जाऊन बसलों. एंजिन सुरू झालें, पण गाडी हलेना. ड्रायव्हर खालीं उतरून शेकोटीपाशीं हात शेकीत उभा राहिला. मला राहवेना. "अहो, निघा ना आतां!" मी जवळजवळ ओरडलोंच.

तो शांतपणें म्हणाला, "गुरुजी, हवा भरूं द्या. हवा नाहीं त बिरेक नाहीं."

मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रींतून तो दाब उतरतो, आणि एंजिन चालल्याखेरीज पुन्हां भरत नाहीं. त्यानें कारण स्पष्ट सांगितलें होतें. मीं मात्र शब्द ऐकले, अर्थ ऐकला नाहीं. आई त्या दुखण्यांतून उठली. माझ्या मनांत मात्र त्या पहांटेची एक समजूत कायमची बसली, कीं गाडी तापल्यावांचून हलवूं नये.

पुढें चंद्रपुरास बदली झाल्यावर मीं एक जुनी फियाट घेतली. थंडींत पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं. म्हणून चोक ओढून हवा कमी करावयाची, मिश्रण दाट करावयाचें, आणि एंजिनाची धडधड एकसारखी होईपर्यंत वाट पाहावयाची. मी चांगलीं दहा मिनिटें वाट पाहत असें. फियाट गेली, चोक नसलेली नवी गाडी आली. दहा मिनिटें तशींच राहिलीं.

आई २०१७ सालीं गेली. घराच्या वांटणीवरून धाकट्या भावाशीं माझें बोलणें तुटलें. तो बल्लारपुरास राहतो. म्हणजे माझ्या दारापासून पंधरासोळा किलोमीटरांवर. पत्नी म्हणे, "एकदां जाऊन या." मी म्हणें, "मनांतली अढी जाऊं दे, मग जाईन." असे तीन हिवाळे गेले.

चौथ्या हिवाळ्यांत आमच्या मेकॅनिकनें गाडीचें ऑईल बदलतांना तें बोटांवर घेऊन हुंगलें. "सर, यांत पेट्रोल उतरलं आहे. गाडी रोज उभी ठेवून तापवतां का?" मग त्यानें समजावून सांगितलें. उभ्या एंजिनाला काम नसतें, म्हणून तें थोडेंच जाळतें आणि फार सावकाश तापतें. तोंवर थंडीसाठीं दिलेलें जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवर बसतें, तेथला तेलाचा थर धुऊन काढतें आणि खालच्या ऑईलमध्यें मिसळतें. ऑईल वरपर्यंत पोंचायला अर्धाएक मिनिट पुरे. मग निघावें, आणि पहिले कांहीं मैल जोर न करतां चालवावें. "सर, गाडी चालतांनाच तापते."

मला तो शेकोटीपाशीं उभा असलेला ड्रायव्हर आठवला. तो उबेसाठीं थांबला नव्हता; ब्रेकसाठीं थांबला होता. मीं त्याचें थांबणें तेवढें उचललें आणि कारण तेथेंच टाकून आलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळींच निघालों. मनांतली अढी होती तशीच होती. गाडी सावकाश चालवली. बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा वास येऊं लागला, तेव्हां तापमानाचा कांटा मध्यावर येऊन स्थिरावला होता.

भाऊ दारांतच उभा होता. मला पाहून क्षणभर कांहीं बोलला नाहीं, मग म्हणाला, "थंडी फार आहे. आंत ये, दादा."

वांटणीचा विषय त्या दिवशीं कोणीच काढला नाहीं. चहा घेतांना आईच्या त्या जुन्या दुखण्याची आठवण निघाली. तो म्हणाला, "त्या दिवशीं सकाळपासून मी आईच्या उशाशीं बसून दर गाडीचा आवाज ऐकत होतों. वाटे, हीच तुझी."