दगडावरची खूण

पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात अश्मयुगावर एक पाठ आहे. कुर्ल्याच्या एका शाळेत शिकणाऱ्या मुलाने तो प्रथम वाचला, तेव्हा त्याचे मन त्यात मुळीच रमले नाही. कुशल मानव, ताठ कण्याचा मानव, बुद्धिमान मानव ही नावे त्याने घोकली, हातकुऱ्हाडीचे चित्र वहीत उतरवून घेतले. परंतु ही सारी मंडळी त्याला परकी वाटली. पाठ्यपुस्तकातील आदिमानव बहुधा एखाद्या निनावी अरण्यात उभा असतो. लोकलगाड्यांचा अखंड खडखडाट, मिठी नदीचे काळवंडलेले पाणी आणि एकमेकींना टेकलेल्या खोल्या यांच्या दाटीत त्याला पाय ठेवायलाही जागा मिळाली नसती!

वर्गाचा कंटाळा बाईंच्या ध्यानात आला. त्यांनी पुस्तक मिटले आणि विचारले, "कांदिवली कोणी पाहिली आहे?" बरेच हात वर झाले. मग बाईंनी सांगितले की, टॉड नावाच्या आरमारातील एका अधिकाऱ्याला त्या कांदिवलीत, मातीच्या आणि गोट्यांच्या थरांत, अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली होती. त्यांविषयी त्याचा निबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. कांदिवली साष्टी बेटावर आहे आणि कुर्लाही त्याच बेटावर. आज तेथे इमारती आहेत. पण त्या माणसांच्या पायांखालची भूमी हीच होती.

"किती वर्षे झाली त्याला?" कोणीतरी विचारले. बाईंनी फळ्यावर एक लांब रेघ ओढली. चेन्नईजवळ अत्तिरमपक्कम येथे मिळालेल्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत, हे त्यांनी प्रथम सांगितले. कुर्ल्यापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा लोहमार्गही सुमारे १५ किलोमीटरांचा. तो सगळा मार्ग म्हणजे १५ लाख वर्षे असे धरले, तर त्यातला १ मीटर म्हणजे १०० वर्षे. आपण कुर्ल्याच्या फलाटावर उभे राहून मागे चालू लागलो, तर १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी दोन मीटरांच्या आतच भेटते. शिवराज्याभिषेक साडेतीन मीटरांवर. सम्राट अशोक गाडीच्या एका डब्याएवढ्या अंतरावर. शेतीची सुरुवात सुमारे १०० मीटरांवर. म्हणजे फलाटदेखील संपत नाही. पुढचा सगळा मार्ग, सायन, दादर, भायखळा, अगदी टर्मिनसपर्यंत, दगडाच्या हत्यारांचा! वर्ग क्षणभर स्तब्ध झाला.

त्या मुलाच्या मनात मात्र दुसरेच काही सलत होते. काही दिवसांपूर्वी घरातील वडीलधाऱ्यांचे व्यवसाय सांगण्याचा प्रसंग आला, तेव्हा "आजोबा गावी शेती करत" एवढेच तो बोलला होता. ते खोटे नव्हते. पण अर्धेच खरे होते. १९७२ च्या दुष्काळात नेवासे तालुक्यातले कोरडे पडलेले शेत सोडून आजोबा मुंबईस आले आणि चांदिवलीच्या खाणीत वीस-बावीस वर्षे दगड फोडत राहिले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली होती. कोणाचे आजोबा रेल्वेत, कोणाचे टपालखात्यात. आपले आजोबा खडी फोडीत, हे सांगताना त्याची जीभ अडखळली होती. अशी लाज मुलांना उपजत नसते. ती कोणाच्या तरी हसण्यातून शिकलेली असते.

त्या सायंकाळी पुस्तक उघडे पडले होते. आजोबांना अक्षरओळख बेताचीच. पण हातकुऱ्हाडीच्या चित्रावर त्यांची दृष्टी खिळली. "हे काय आहे?" असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले, "हे कुणी घडवलंय?"

"तुम्हांला कसं कळलं, की घडवलेलं आहे?"

आजोबांनी वाकडे बोट चित्रावरून फिरवले. "हे बघ, या अंगानं सात घाव दिसतात. पहिला मोठा, मग बारीक बारीक. आणि हा इथला घाव चुकलाय. छिलका जास्तच निघाला. मग शेजारून दोन हलके घाव घालून त्यानं धार सावरलीय. दगड असा आपोआप फुटत नाही, बाळा. माणसानं नेमका मारला, की मार बसतो तिथं छिलक्यावर एक फुगवटा उठतो, आणि पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लाटा दगडावर उमटतात. खाणीत रोज बघायचो आम्ही."

पुरातत्त्वज्ञांची परीक्षाही याहून फार वेगळी नसते. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम येथे एक दगड उचलला आणि तो मानवी हातांनी घडवलेला असल्याचे ओळखले. भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासाचा आरंभ त्या दगडापासून मानतात. फुटांनी तो ओळखला विद्येने. आजोबांनी चित्र ओळखले हातांनी.

दुसऱ्या दिवशी मुलाने हे सारे बाईंना सांगितले, आणि या वेळी काहीही लपवले नाही. नेवाशाचे नाव ऐकताच बाईंचा चेहरा खुलला. डॉ. हसमुख सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले होते. तेथून जवळच, प्रवरेच्या परिसरात, चिरकी येथे पुढे गुड्रुन कॉर्व्हिनस या विदुषीला अश्मयुगीन हातकुऱ्हाडी आणि फरश्या मोठ्या संख्येने मिळाल्या. घरी हे कळले तेव्हा आजोबा पोटभर हसले. "म्हणजे लहानपणी आम्ही बोरं पाडायला फेकले, त्यांत कितीतरी असतील!"

पुढच्या शनिवारी बाईंनी आजोबांना शाळेत बोलावले. धुतलेले धोतर आणि टोपी घालून ते आले. मैदानात मुलांना दूर उभे करून त्यांनी काळ्या पाषाणाचा एक तुकडा डाव्या हातात घेतला, तो इकडून तिकडून फिरवून पाहिला, बोटाने वाजवून त्याचा नाद ऐकला. घण आणला नव्हता. नदीचा एक गोल गोटाच उजव्या हातात होता. एक घाव बसला आणि पातळ छिलका टणकन खाली पडला. त्याच्या काठाने आजोबांनी वहीचा कागद सरळ चिरून दाखवला.

मग तो छिलका हातोहाती फिरला. प्रत्येक जण त्यावरचा फुगवटा आणि लाटा अंगठ्याने चाचपून पाहत होता. परत आला तेव्हा तो इतक्या हातांनी ऊबदार झाला होता.